रॉब बरोचे पाय आणि मोटर न्यूरॉन

८ ऑक्टोबर २०११, मँचेस्टरचं ओल्ड ट्रॅफर्ड. रग्बी लीगच्या सुपर लीग स्पर्धेचा अंतिम सामना, लीड्स ऱ्हायनोज विरुद्ध सेंट हेलन्स. राखीव खेळाडू म्हणून उतरलेल्या रॉब बरोने मैदानाच्या मध्याजवळ चेंडू उचलला, आडव्या आलेल्या हाताखालून वाकून निसटला, शेवटच्या बचावपटूलाही हुलकावणी दिली आणि ट्राय केला, म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवले. उंची ५ फूट ५ इंच. समोर शंभर किलोंच्या आसपासचे गडी. लीड्स जिंकलं, सामनावीराचा हॅरी संडरलँड करंडक बरोला मिळाला.

रग्बी लीग म्हणजे १८९५ साली उत्तर इंग्लंडच्या क्लबांनी मूळ रग्बीपासून फारकत घेऊन सुरू केलेला, १३ खेळाडूंचा प्रकार. सामन्यासाठी कामावर खाडा झाला तर त्या दिवसाची मजुरी भरून द्यावी की नाही, यावरून तो वाद पेटला होता. यात धडक हा खेळाचा गाभाच आहे. फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीतला खेळाडू एका सामन्यात तीसेक टॅकल सहज करतो, म्हणजे चेंडू घेऊन येणाऱ्याला अंगावर जाऊन पाडतो. अशा खेळात बरो २००१ ते २०१७ टिकला, एकाच क्लबकडून ४९२ सामने खेळला आणि आठ वेळा सुपर लीग जिंकला.

त्याची हुलकावणी नेमकी घडायची कशी? मेंदूच्या वरच्या थरातल्या पेशीकडून निघालेला हुकूम पाठीच्या कण्यातल्या दुसऱ्या पेशीकडे येतो. हीच ती मोटर न्यूरॉन, म्हणजे प्रेरक चेतापेशी. तिचा तंतू कमरेपासून पायापर्यंत, जवळजवळ एक मीटर लांब असू शकतो. मेंदूपासून पायापर्यंतचा सगळा प्रवास सेकंदाच्या साधारण तिसाव्या भागात उरकतो. पोटरीला हुकूम देणारी अशी एक पेशी हजाराहून अधिक स्नायूतंतू एकदम आवळते.

डिसेंबर २०१९ मध्ये, वयाच्या ३७व्या वर्षी, बरोला मोटर न्यूरॉन डिसीज झाल्याचं निदान झालं. स्टीफन हॉकिंग यांच्यामुळे आपल्याला ठाऊक झालेला, एएलएस नावानेही ओळखला जाणारा आजार तो हाच. यात याच पेशी एकेक करून मरतात. बहुतेक रुग्णांत टीडीपी-४३ हे प्रथिन पेशीकेंद्रातलं आपलं काम सोडून बाहेर येतं आणि त्याच्या गुठळ्या होतात. सुरुवातीला मात्र बाहेरून काही कळत नाही. एक पेशी मेली की शेजारची पेशी नवे फाटे फोडून तिचे पोरके स्नायूतंतू सांभाळू लागते. हातपाय चालत राहतात आणि नुकसान झाकलं जातं. शेजारणींचीही क्षमता संपली की मग जीभ अडखळते, खांदे उतरतात. निदानाच्या दिवशी आजार नवा नसतो, तो बराच पुढे गेलेला असतो.

मग प्रश्न येतोच: हे खेळामुळे झालं का? ग्लासगोच्या संशोधकांनी २०२२ मध्ये स्कॉटलंडच्या ४१२ माजी आंतरराष्ट्रीय रग्बी खेळाडूंची सामान्य लोकांशी तुलना केली. मेंदूच्या ऱ्हासाचे आजार खेळाडूंमध्ये अडीच पटींहून अधिक आढळले, तर मोटर न्यूरॉन डिसीज सुमारे १५ पट. ‘१५ पट’ वाचून दचकायला होतं, पण हा आजार इतका विरळा आहे की मोजक्या रुग्णांनीही आकडा उसळी घेतो. शिवाय ते खेळाडू रग्बी युनियनचे, म्हणजे त्या मूळ रग्बीचे होते, लीगचे नव्हेत. डोक्याला बसणारे धक्के, वर्षानुवर्षांचा अतिव्यायाम आणि जन्मजात जनुकीय कल यांतलं कोण किती जबाबदार, हे अजून सुटलेलं नाही. म्हणून ‘बरोला रग्बीने मारलं’ हे विधान मला मान्य नाही. पण त्याच्या आडून ‘खेळ निर्दोष’ म्हणणाऱ्यांचं तर मुळीच पटत नाही. एका माणसाबद्दल सिद्ध न होणारी गोष्ट शेकडो माणसांच्या नोंदींत दिसू शकते. धूम्रपानाच्या बाबतीत आपण हे केव्हाच मान्य केलं आहे.

या आजारात बहुतेकदा डोळ्यांचे स्नायू शेवटपर्यंत शाबूत राहतात. तिथल्या एका पेशीकडे पोटरीच्या तुलनेत फारच थोडे तंतू असतात. त्या बचावण्यामागे हे एक कारण असावं. बोलणं बंद झाल्यावर बरो नजरेने संगणकावर अक्षरं निवडायचा. जुन्या मुलाखतींतून त्याचाच यॉर्कशरी हेल असलेला आवाज संगणकासाठी घडवला होता. डिसेंबर २०२२ मध्ये बीबीसीच्या मुलांच्या वाहिनीवर त्याने याच पद्धतीने गोष्ट वाचून दाखवली. त्याचा जुना कर्णधार केव्हिन सिनफिल्ड मॅरेथॉनमागून मॅरेथॉन धावत संशोधनासाठी लाखो पौंड उभे करत होता.

२ जून २०२४ रोजी बरो गेला, वय ४१. त्याच्या नावाच्या लीड्समधल्या उपचार केंद्राचं बांधकाम ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी सुरू झालं. औषधांच्या आघाडीवर १९९५ पासून रिल्युझोल आहे. ते आयुष्य काही महिन्यांनी वाढवतं. २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं टोफरसेन सदोष एसओडी-१ जनुकाचा संदेशच अडवतं. हा दोष साधारण २ टक्के रुग्णांतच असतो, बाकीच्यांसाठी ते निरुपयोगी.