‘हँड-वायर्ड’ हे स्वस्ताचं लक्षण होतं तेव्हा : ट्यूब ॲम्पच्या किमतीमागची पार्श्वभूमी

गिटारचा आवाज काचेच्या ट्यूबांनी (जुन्या रेडिओतल्या व्हॉल्व्हनी) मोठा करणारा पाच वॅटचा एक ट्यूब ॲम्प शंभर-दीडशे डॉलरला मिळत होता, आणि पाच वॅटचाच दुसरा हजार डॉलरच्या आसपास. दोन्हींत पुढे १२एएक्स७ ही एक लहान ट्यूब, मागे स्पीकर चालवणारी एकच पॉवर ट्यूब, आणि सर्किट असं की वहीच्या अर्ध्या पानावर काढून होईल. एवढा फरक कशाचा, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : ‘तो हँड-वायर्ड आहे, पॉइंट-टू-पॉइंट.’ म्हणजे आतलं जोडकाम हातानं केलेलं. उत्तर अगदीच खोटं नाही. पण त्याच्या आधाराला जो इतिहास सांगितला जातो, तो उलटा धरलेला आहे.

सुरुवातीची गोष्ट बहुतेकांना पाठ आहे. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमधला रेडिओ दुरुस्तीवाला लिओ फेंडर आणि १९४६ साली उभी राहिलेली त्याची कंपनी, १९५८ ते ६० मधला चार दहा-इंची स्पीकरांचा बासमन ॲम्प, पश्चिम लंडनमध्ये हॅनवेलला जिम मार्शलच्या ड्रमच्या दुकानात १९६२ साली त्या बासमनची जवळजवळ ओळीनं केलेली नक्कल म्हणजे जेटीएम ४५, आणि केंटमधल्या डार्टफर्डचा व्हॉक्स एसी ३०. आज ‘उत्तम’ म्हणून जे काही विकलं जातं, त्यातलं बरंचसं या तीन घराण्यांत जन्मलेलं आहे. त्यावर पुन्हा लिहीत नाही.

स्वस्त बाजूचा इतिहास मात्र फारसा कुणी सांगत नाही. त्याच काळात शिकागोच्या टपालानं माल पाठवणाऱ्या बड्या कंपन्या कॅटलॉगमधून ॲम्प विकत होत्या. सिल्व्हरटोन, एअरलाइन ही नावं त्यातली. माल बनायचा न्यू जर्सीत किंवा शिकागोतच, आणि कॅटलॉगवाल्यांचा बिल्ला लावून खेड्यापाड्यांत पोचायचा. १९६२ च्या सुमारास तर गिटारच्या पेटीतच ॲम्प आणि स्पीकर बसवलेला संच आला : पेटी उभी करायची, वायर लावायची, वाजवायचं. हे ॲम्प पोरांसाठी होते. वर्षभरात पोरानं गिटार सोडली तर घरच्यांना फार हळहळ वाटू नये, असा त्यांचा भाव.

त्या काळच्या सर्वांत स्वस्त ॲम्पांत काय वाचवलेलं असायचं? लोखंड. ॲम्पला भिंतीतल्या विजेपासून वेगळा ठेवणारा पॉवर ट्रान्सफॉर्मरच त्यांत नसायचा. दिवाळीच्या लाइटच्या माळेसारखे सगळ्या ट्यूबांचे हीटर एकामागोमाग एक जोडायचे (पन्नास व्होल्टचा एक, पस्तीसचा एक, बाराचा एक), उरलेला दाब एका रेझिस्टरवर घालवायचा, आणि भिंतीतली वीज सरळ एसीचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायरमध्ये सोडायची. प्लगची पिन उलटी बसली की ॲम्पचा धातूचा सांगाडा म्हणजे चेसिस जिवंत. त्या चेसिसला जोडलेल्या असतात गिटारच्या तारा, आणि तारांवर असतात बोटं. आपल्याकडे जुने एसी-डीसी रेडिओ ज्यांनी उघडले आहेत त्यांना हा प्रकार माहीत आहे : मागच्या स्क्रूला टेस्टर लावला की दिवा पेटायचा. रेडिओला निदान लाकडी पेटी आणि प्लास्टिकची बटणं असत. गिटार वाजवणाऱ्याच्या हातात मात्र थेट धातू असतो. अमेरिकेत या ॲम्पांना ‘विडो-मेकर’ म्हणजे बायकोला विधवा करणारे म्हणतात, ते उगाच नाही.

आता तो घोळदार शब्द.

पॉइंट-टू-पॉइंट म्हणजे शब्दशः, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. रेझिस्टरचा एक पाय ट्यूबच्या सॉकेटवर, दुसरा पाय व्हॉल्यूमच्या बटणामागच्या पॉटवर, मधे काही नाही. फार तर चार-पाच टोकांची एक पट्टी. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे रेडिओ आणि टीव्ही असेच जोडलेले असत, आणि कॅटलॉगमधले बरेचसे ॲम्पसुद्धा. उघडून पाहिलं तर आत सुगरणीचं घरटं : रेझिस्टर एकमेकांवरून उड्या मारतायत, कपॅसिटर हवेत लटकतायत. बनवणं स्वस्त पडे, कारण हातांना मजुरी कमी होती, आणि बोर्ड बनवायला लागणारं यंत्र व त्याची आखणी महाग होती.

फुलर्टनचे ॲम्प असे नव्हते. ज्यांचं नाव आज पॉइंट-टू-पॉइंटशी जोडलं जातं, त्यांच्यात काळ्या फायबरचा एक बोर्ड असे. त्यावर पितळी आयलेट (पोकळ खिळे) ठोकलेले, त्यांत सुटे भाग ओळीनं बसवलेले, आणि खालून-वरून वायरी सॉकेटकडे नेलेल्या. बोर्ड टेबलावर वेगळा भरायचा आणि मग चेसिसमध्ये उतरवायचा. लंडनच्या नकलेतही बोर्डच होता. ही चक्क कारखान्यातली, काम वाटून करण्याची पद्धत आहे, आणि तिचा उद्देश वेग हाच होता. फुलर्टनला बोर्ड भरणाऱ्या बहुतेक बायका, त्यांतल्या बऱ्याच मेक्सिकन वंशाच्या. जुना चेसिस उघडला की कधी कधी आत मास्किंग टेपचा तुकडा सापडतो, त्यावर पेननं एक पहिलं नाव लिहिलेलं. आडनाव नाही. संग्राहक आज त्या टेपचे फोटो काढतात. तेव्हा ती टेप फक्त कुणाचं काम कुठं बिघडलं हे कळावं म्हणून होती, असं मला वाटतं.

म्हणजे शब्दाचा काटेकोर अर्थ धरला, तर साठच्या दशकात खरा पॉइंट-टू-पॉइंट ॲम्प हा बहुधा स्वस्तातला होता, आणि चांगला ॲम्प बोर्डवाला. आजच्या जाहिरातीत हे दोन्ही एकाच शब्दाखाली येतात आणि दोघांच्याही समोर तिसरा उभा केला जातो, छापील सर्किटवाला म्हणजे पीसीबी (वायरींच्या जागी बोर्डावरच तांब्याच्या रेघा). ‘हाताचं म्हणजे चांगलं, छापील म्हणजे हलकं’ ही विभागणी गिटारवाल्यांनी काढलेली नाही. पन्नासच्या दशकाच्या शेवटी एका मोठ्या अमेरिकन टीव्ही कंपनीनं ‘आमच्या सेटमध्ये छापील सर्किट नाही, सगळं हातानं जोडलेलं’ अशी जाहिरात लावून धरली होती. प्रतिस्पर्धी पीसीबीकडे वळले होते आणि हिला अजून वळायचं नव्हतं, एवढाच मामला.

गिटार ॲम्पच्या जगात वळण आलं ते सत्तरच्या दशकात. १९७३-७४ मध्ये मार्शलनं हातानं भरलेला बोर्ड सोडून पीसीबी घेतला. या निर्णयावर अजून भांडणं होतात. सोडण्याच्या आधीचे ॲम्प आणि नंतरचे यांच्या किमतीत फरक पडतो, आणि विकणारे तेवढ्यावर दोन परिच्छेद लिहितात. पण नंतरच्या ॲम्पांतही ट्यूबची सॉकेटं चेसिसलाच स्क्रूनं बसवलेली होती, बोर्डापासून वायरींनी वेगळी. आणि १९८१ चा मार्शलचा जेसीएम ८००, ज्याच्या आवाजावर ऐंशीच्या दशकातलं निम्मं हार्ड रॉक उभं आहे, तो पीसीबीवालाच. उत्तर कॅलिफोर्नियातून आलेले महागडे छोटे कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात), ज्यांच्यापासून ‘बुटीक’ ॲम्पची सुरुवात धरतात, तेही छापील बोर्डावरच बनत. त्यांना कुणी हलकं म्हणत नाही.

मग पीसीबीचं नाव कशानं खराब झालं? माझ्या मते नव्वदच्या दशकातल्या वेगळ्याच एका बचतीमुळे. ट्यूबची सॉकेटं, पॉट, जॅक सगळं थेट बोर्डालाच सोल्डर करायचं, म्हणजे वायर ओढायला माणूस लागत नाही. ईएल८४ सारखी पॉवर ट्यूब हात भाजेल इतकी तापते. रोज तापायची, रोज निवायची, आणि तिच्या पायाखालचं सोल्डर त्याबरोबर फुगायचं-आक्रसायचं. पाच-सात वर्षांत सॉकेटभोवती बारीक गोल चीर पडते. ती भिंगाखाली दिसते, नुसत्या डोळ्यांना नाही. ॲम्प मधेच कुरकुरतो, खोक्यावर थाप मारली की सुधारतो. जॅकचंही तेच : केबलला पाय अडकला की झटका चेसिसऐवजी बोर्ड खातो. दोष छपाईचा नव्हता, बोर्डावर काय काय लादलं त्याचा होता. पण दुरुस्तीला येणारे सगळे ॲम्प हेच, त्यामुळे कारागिरांच्या तोंडी ‘पीसीबी म्हणजे कटकट’ हे बसलं ते बसलंच. आणि नेमक्या त्याच वर्षांत लॉस एंजेलिससारख्या ठिकाणी काही छोट्या कार्यशाळांनी खरंखुरं टोक-ते-टोक जोडकाम करून भारी किमतीला विकायला सुरुवात केली. शब्दाला नवा मालक मिळाला.

याच्या जोडीला ‘क्लास ए’ (ट्यूबमधून वीज सतत वाहती ठेवण्याची पद्धत) नावाचा दुसरा गुंता आहे, पण तो थोडक्यात आटोपतो. एकच पॉवर ट्यूब असलेला प्रत्येक ॲम्प क्लास ए असतोच, दुसरा इलाज नाही. त्यामुळे पाच वॅटच्या खोक्यावर ते ठळक छापणं म्हणजे दुधाच्या पिशवीवर ‘ओलं’ लिहिण्यासारखं आहे.

२००५ च्या सुमारास चीनमध्ये बनलेला एपिफोनचा व्हॉल्व्ह ज्युनियर हा ॲम्प आला आणि स्वस्त बाजूचं चित्रच पालटलं. एक १२एएक्स७, एक ईएल८४, पाच वॅट, एकच बटण. टोनचं बटणसुद्धा नाही. त्याआधी एवढ्या पैशात मिळायचे ते ‘ट्यूब’ लिहिलेले पण आतून ट्रान्झिस्टरचे ॲम्प. त्यांत एक ट्यूब असे, तिला मोजून कमी व्होल्टेज दिलेलं, आणि काहींत तर ती तापल्यासारखी दिसावी म्हणून खाली नारिंगी एलईडी. व्हॉल्व्ह ज्युनियरमध्ये निदान जे दिसत होतं ते खरं होतं. सुरुवातीच्या आवृत्तीत हीटर एसीवर चालायचे, त्यामुळे गिटार न लावताही घुंऽऽ असा आवाज यायचा. पुढच्या आवृत्तीत तो डीसी करून बराच घालवला. दरम्यान जगभरच्या हौशी लोकांनी त्याचा बोर्ड काढून फेकला, आत आयलेट बोर्ड घातला आणि फेंडरच्या जुन्या चॅम्प ॲम्पचं सर्किट बसवलं.

त्या खटाटोपातून एक उपयोगाची गोष्ट बाहेर आली. नुसता बोर्ड बदलून आवाजात जेवढा फरक पडला, त्याहून कितीतरी जास्त फरक आउटपुट ट्रान्सफॉर्मर (पॉवर ट्यूब आणि स्पीकर यांच्यामधला) आणि स्पीकर बदलल्यावर पडला. मीही हे एकदा टेबलावर करून पाहिलं आहे. स्वस्तातला मूळ ट्रान्सफॉर्मर मुठीत मावत होता, त्याच्या जागी आणलेला तळहाताबाहेर गेला. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झला वाजते, आणि एकट्या ट्यूबच्या ॲम्पमध्ये ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातून डीसीही वाहत असतो. लोखंड कमी पडलं की गाभा लवकर भरतो, खालचे स्वर पातळ होतात, आणि ॲम्प ताणल्यावर येणारा ओव्हरड्राइव्हचा आवाज गोल न होता फाटतो. चांगल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रायमरी आणि सेकंडरी थरांमध्ये आलटून-पालटून गुंडाळलेल्या असतात, म्हणजे वरचे स्वरही टिकतात. यात मजुरी आहे, तांबं आहे, वजन आहे. जहाजानं पाठवताना तर वजन म्हणजे थेट पैसा. स्वस्त आणि महाग यांच्यामधली रेघ १९६२ मध्येही लोखंडातून जात होती आणि २००५ मध्येही तिथूनच गेली. मधल्या काळात सगळ्यांनी वायरींकडेच पाहिलं, एवढंच.

ट्यूबांच्या बाबतीत मात्र दोन्ही बाजू एकाच रांगेत उभ्या आहेत. पश्चिमेकडचे मोठे ट्यूब कारखाने सत्तर ते नव्वदच्या दशकांत एकेक करून बंद झाले. राहिली ती मुख्यतः तीन ठिकाणं : रशियातलं साराटोव्ह, स्लोव्हाकियातलं चाद्त्सा आणि चीन. दहा पट किमतीच्या ॲम्पमध्येही पुष्कळदा तीच ट्यूब असते, फक्त निवडून जोडी लावलेली. मार्च २०२२ मध्ये रशियानं निर्यातीवर निर्बंध घातले तेव्हा काही आठवडे सगळेच घाबरले. पुढे माल सुरू झाला, पण चढलेले भाव पूर्वीच्या जागी आले नाहीत.

आपल्याकडे बंगळूरच्या सरकारी कारखान्यात साठच्या दशकापासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनत. ईएल८४ त्यातलाच, घराघरांतल्या रेडिओग्राममधला. लॅमिंग्टन रोडवरच्या जुन्या दुकानदारांना ‘ट्यूब’ म्हटलं तर ते ट्यूबलाइटकडे बोट दाखवत. ‘व्हॉल्व्ह’ म्हटलं की मागच्या खणातून पुठ्ठ्याची डबी निघे. त्याच डब्यांना परदेशातले गिटारवाले आता बरे पैसे देतात.

जुना अमेरिकन ॲम्प सामानातून इथं आणणाऱ्यांसाठी एक गोष्ट, कारण गेल्या वर्षी असाच एक माझ्याकडे आला. न्यू जर्सीहून परतलेल्या ओळखीच्या गृहस्थांनी तिथं जुन्या बाजारात घेतलेला, वर दोन इनपुट, आत पॉवर ट्रान्सफॉर्मर नाही. इथं २३० व्होल्ट म्हणून त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून स्टेप-डाउन आणला. तो ऑटो-ट्रान्सफॉर्मर निघाला, एकाच वाइंडिंगचा. व्होल्टेज ११५ वर आलं खरं, पण चेसिस मेनपासून सुटलेला नव्हताच. टेस्टर गिटारच्या ब्रिजला लावला आणि दिवा लागला. ‘अहो, पण दुकानदार म्हणाला चालेल,’ गृहस्थ म्हणाले. मेनपासून पूर्ण वेगळा करणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवेपर्यंत तो ॲम्प मी त्यांना परत दिला नाही. बसवल्यावर ॲम्पचं वजन जवळजवळ दुप्पट झालं.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत ‘हँड-वायर्ड’चा बिल्ला आशियातल्या कारखान्यांतून येणाऱ्या ॲम्पांवरही दिसू लागला आहे. मजुरी जिथं कमी, तिथं हाताचं जोडकाम पुन्हा परवडतं, फुलर्टनला परवडायचं तसंच. असा एक उघडला तेव्हा आत आयलेटऐवजी टरेट (धातूचे उभे खुंट) होते, वायरी काटकोनात वळवलेल्या, सोल्डर चकचकीत. मास्किंग टेप कुठं दिसते का म्हणून चेसिसच्या कडेनं बॅटरी फिरवली. तपासणीचं एक गोल स्टिकर होतं, त्यावर १७ हा आकडा.