जन गण मन (राष्ट्रगीत)

भारताचे राष्ट्रगीत. कवी रवींद्रनाथ ठाकूर. मूळ भाषा संस्कृतप्रचुर बंगाली. विदर्भातल्या खेड्यांत जिल्हा परिषदेच्या शाळेत परिपाठाला एक जण पुढे येतो, ‘सावधान! राष्ट्रगीत एक साथ शुरू कर’ म्हणतो आणि अख्खे पटांगण गाऊ लागते. पहिलीतली पोरे ‘जनगणमनधिनायक’ असे एका दमात म्हणून टाकतात. गीत लवकर पाठ होते, अर्थ मात्र बरेचदा सांगायचा राहून जातो.

जनगणमन-अधिनायक म्हणजे सगळ्या लोकांच्या मनांवर ज्याची सत्ता चालते तो. भारतभाग्यविधाता म्हणजे भारताचे नशीब घडवणारा. त्याचा जयजयकार करून कवी मुलूख मोजू लागतो: पंजाब, सिंध, गुजरात, मराठा, द्राविड म्हणजे दक्षिण, उत्कल म्हणजे आजचा ओडिशा, बंग म्हणजे बंगाल. मग विंध्य आणि हिमालय, यमुना आणि गंगा, शेवटी ‘उच्छल जलधितरंग’, म्हणजे उसळत्या समुद्राच्या लाटा. हे सारे तुझ्या शुभ नावाने जागे होतात, तुझा आशीर्वाद मागतात, तुझ्या विजयाची गाथा गातात. ‘आशिस मागे’ यातले ‘मागे’ म्हणजे पाठीमागे नव्हे, मागतात.

यात विदर्भ कुठे, असे कुणी पोर विचारते. विचारायलाच हवे. गीत पहिल्यांदा गायले गेले १९११ साली. तेव्हा महाराष्ट्र राज्य नव्हते. नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ हा सारा भाग इंग्रजांच्या ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ या प्रांतात होता. गीतातला ‘मराठा’ ही जात नव्हे, तो मराठी मुलूख, आणि त्यात आपण आलोच. आसाम, काश्मीर, राजस्थान यांचीही नावे नाहीत. ही राज्यांची यादी नाहीच. थोडी नावे घेऊन कवीने सगळ्या देशाला हाक मारली आहे. सिंध आज पाकिस्तानात आहे, तरी ते नाव कायम आहे.

मूळ गीत पाच कडव्यांचे. राष्ट्रगीत म्हणून पहिलेच म्हणतात. दुसरे कडवे प्रत्येक मुलाला एकदा तरी वाचून दाखवावे. त्यात हिंदू, बौद्ध, शीख, जैन, पारशी, मुसलमान, ख्रिस्ती अशी सगळ्यांची नावे आहेत. ‘बौद्ध’ हे नाव गीतात आले तेव्हा नागपूरची १९५६ सालची धम्मदीक्षा पंचेचाळीस वर्षे दूर होती.

२७ डिसेंबर १९११ रोजी कोलकात्याच्या काँग्रेस अधिवेशनात हे गीत प्रथम गायले गेले. इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज तेव्हा भारतात होते. त्यांच्या स्तुतीचे एक वेगळे हिंदी गीतही त्याच दिवशी झाले, आणि इंग्रजी वर्तमानपत्रांनी दोन्हींची गल्लत केली. त्यातून ‘भाग्यविधाता म्हणजे राजा’ हा समज पसरला. तो चुकीचा आहे. युगानुयुगे देशाचा रथ हाकणारा तो भाग्यविधाता कोणी जॉर्ज असूच शकत नाही, असे रवींद्रनाथांनी १९३७ साली पत्रात स्पष्ट लिहिले. तिसऱ्या कडव्यात तर ‘चिरसारथि’ असाच शब्द आहे.

२४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेत राजेंद्र प्रसाद यांनी हे राष्ट्रगीत असल्याचे जाहीर केले आणि ‘वंदे मातरम्’ला त्याच्याइतकाच मान दिला. अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचे पंजाबराव देशमुख या सभेचे सदस्य होते. राष्ट्रगीत म्हणून म्हणतात ते कडवे पूर्ण म्हणायला साधारण ५२ सेकंद लागतात, म्हणून शेवटचे ‘जय हे’ घाईने उरकू नये. काही प्रसंगी त्याची फक्त पहिली व शेवटची ओळ म्हणतात; त्याला सुमारे २० सेकंद पुरतात.