बोट आईचं, दार पावसाळ्यातलं

जुलैतली संध्याकाळ. आई भाजी घेऊन घोडबंदर रोडवरच्या आमच्या घरी आली. भिजलेली पिशवी डाव्या हातात धरून तिनं उजवा अंगठा नव्या स्मार्ट लॉकवर टेकवला. लाल दिवा. पदराला पुसून पुन्हा टेकवला, पुन्हा लाल. पाचव्या चुकीनंतर कुलूप काही मिनिटांसाठी गोठलं आणि आई आपल्याच घराबाहेर जिन्यावर बसून राहिली. माझं बोट मात्र ते लगेच ओळखायचं. असं का, हे शोधायला मी त्या रात्री बसलो.

घरगुती कुलपांतला सेन्सर बहुतेक वेळा बोटाचा फोटो काढत नाही, तो धारकता मोजतो, म्हणजे विद्युत भार साठवण्याची क्षमता. त्याच्या पृष्ठभागाखाली एकमेकींपासून साधारण ०.०५ मिलिमीटर अंतरावर बसवलेल्या बारीक पट्ट्यांची जाळी असते. बोटावरचे उंचवटे पृष्ठभागाला चिकटतात, तिथं धारकता जास्त भरते. मधल्या खाचांत हवा असते, तिथं कमी. या फरकातून ठशाचा नकाशा तयार होतो. बोट ओलं असलं की खाचांत पाणी भरतं आणि फरकच पुसला जातो.

आईच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. वयानं त्वचा कोरडी आणि सैल होते, उंचवटे सपाट होतात. त्यात चाळीस वर्षं भाकऱ्या थापल्या, भांडी घासली. तिचा अंगठा मी दिव्याखाली धरून पाहिला, तर मधोमध रेषा जवळजवळ नव्हत्याच. डाव्या हाताच्या अनामिकेवर मात्र त्या स्वच्छ दिसत होत्या. तेच बोट आम्ही दोनदा नोंदवलं, एकदा कोरडं आणि एकदा भांडी घासून झाल्यावर. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, कुलूप घ्यायला जाताना घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला बरोबर न्या आणि दुकानातच त्यांचं बोट लावून बघा.

पिन सहा आकडीच ठेवा. चार आकड्यांच्या १०,००० शक्यता असतात, सहा आकड्यांच्या १०,००,०००. पण बोटांच्या तेलकट खुणांवरून कुठली चार बटणं वापरात आहेत हे कळलं, तर चार आकडी पिनच्या फक्त २४ रचना उरतात. त्यामुळे खऱ्या पिनच्या मागंपुढं कुठलेही आकडे दाबता येतील असं कुलूप बघा. पोळ्यांच्या मावशींना वेगळा पिन द्या.

आता दाराकडे या, कारण आपल्याकडे खरी कसोटी तिथं लागते. लाकूड हवेतली वाफ शोषतं आणि आडवं फुगतं, उंचीला जवळपास नाही. ठाण्याच्या पावसाळ्यात दार एक-दोन मिलिमीटर रुंद झालं, की कुलपाची जीभ चौकटीतल्या पट्टीला घासू लागते. किल्लीनं उघडताना आपण नकळत दुसऱ्या हातानं दार ओढून धरतो. मोटरला ते जमत नाही. ती जोर लावत राहते, जास्त करंट ओढते आणि सेल लवकर संपतात. कुलूप बसवण्याआधी सुताराला बोलवा. दार न ढकलता, न ओढता जीभ आत-बाहेर सरकली पाहिजे. दाराची जाडी मोजा, आणि बाहेर सेफ्टी डोअर असेल तर दोन दारांमधली फटही. अनेक कुलपांचं हँडल जाळीला आपटतं आणि ते बसवल्यावरच लक्षात येतं.

वीज गेली तरी ही कुलपं चालतात, कारण बहुतेकांत १.५ व्होल्टचे चार-आठ सेल असतात. चार्जिंगचे सेल शक्यतो घालू नका. त्यांचा दाब १.२ व्होल्टच्या आसपास बराच काळ टिकतो आणि मग एकदम कोसळतो, त्यामुळे कुलपाला वेळेवर इशारा देता येत नाही. बाहेरच्या बाजूला पॉवर बँक किंवा ९ व्होल्टचा सेल लावायची सोय हवीच.

आतलं हँडल विजेशिवाय, एका झटक्यात उघडलं पाहिजे. घरात धूर झाला तर पिन आठवत बसायला वेळ नसतो. याबाबत विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका, सेल काढून हँडल स्वतः फिरवून बघा.

राहिली साधी किल्ली. ती घरातल्या कपाटात ठेवून उपयोग नाही. आमची एक किल्ली समोरच्या काकूंकडे असते, दुसरी नौपाड्यात बहिणीकडे.