पार्श्वभूमी : वसाहतीचे तळे आणि ‘जलपर्णी’ हा शब्द

यंदाच्या सर्वसाधारण सभेपुढे पुन्हा तोच ठराव आहे : ‘तळ्यातील जलपर्णी काढून तिचा कायमचा बंदोबस्त करणे.’ हेच शब्द याआधी निविदेत आले, ठेकेदाराच्या बिलात आले, पंचायतीला दिलेल्या अर्जातही आले. वाद होतात ते खर्चावर, फवारणीवर आणि तळ्याचे पाणी सोडायचे दार उघडायचे की नाही यावर. ‘जलपर्णी’ या शब्दापाशी कोणी थांबत नाही. माझ्या मते आपले पैसे आणि तळ्यातली साळके (तळात रुजणारी पाणकमळे), दोन्ही गेली ती या एका शब्दापायी.

तळे वसाहतीपेक्षा पुष्कळ जुने. गोव्यात गावकारीची, म्हणजे गावाने जमीन आणि पाणी सामाईक सांभाळण्याची, रीत पोर्तुगीज यायच्या आधीची. १५२६च्या फोरालात (पोर्तुगीज सनदेत) ती कागदावर उतरली, १९०४ आणि १९६१च्या संहितांत कलमांत बसली. त्या लांबच्या काळातली आपल्या कामाची गोष्ट एवढीच, की असली तळी शोभेसाठी नव्हती, वायंगणासाठी, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या दुसऱ्या पिकासाठी होती. गावातली जाणती माणसे अजून क्रम सांगतात. पाऊस सरताना दार बंद करायचे, थंडीत खालच्या शेतांना पाळीपाळीने पाणी द्यायचे. उन्हाळ्यात पाणी तळाला गेले की मासळीची पावणी (लिलाव) व्हायची, मग गाळ उपसून माडांच्या आळ्यांत पडायचा. पाण्यावर जे तरंगत असेल ते चिखलावर टेकायचे आणि आठ-पंधरा दिवसांच्या उन्हात वाळून जायचे. तण काढणे असे वेगळे काम कोणाकडे नव्हतेच. वर्षाच्या रहाटीत ते आपोआप होऊन जाई.

गोवा मुक्तीनंतर १९६४च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला हक्क मिळाला, आणि ते व्हायलाच हवे होते. पण शेत एकाचे, बांध दुसऱ्याचा आणि तळे तिसऱ्याच्या नावावर अशी स्थिती बऱ्याच गावांत झाली. पुढे नोकऱ्या वाढल्या, मजूर मिळेनात, आणि सगळ्यात आधी सुटले ते वायंगण. आपल्या खालच्या शेतांत दुसरे पीक थांबले, तशी पाणी सोडण्याची गरजही थांबली. त्यानंतर इथे इमारती आल्या. माहितीपत्रकात ‘लेक व्ह्यू’ लिहिले होते. बाराही महिने भरलेले तळे दाखवायचे, तर दार बंद राहायला हवे. ते चिरे आणि सिमेंट घालून बुजवले गेले. कागदोपत्री या कामाचे नाव ‘सुशोभीकरण’ असे आहे.

दुसरी गोष्ट घडली ती डोळ्यांआड. इमारतींचे सोक पिट (सांडपाण्याचे शोषखड्डे) तळ्याच्या चढावर आहेत आणि जमीन जांभ्याची. जांभा पाणी धरून ठेवत नाही, वाट देतो. भांड्यांचा साबण, न्हाणीचे पाणी, शौचालयाचा झिरपा यांतले नत्र आणि स्फुरद वर्षभर तळ्यात उतरत राहिले. जे पाणी पूर्वी दर उन्हाळ्यात जायचे ते आता साचून राहिले, आणि त्याला रोज खुराक मिळू लागला. तण बाहेरून आले असेल, पण पोसले आपण.

आता शब्दाकडे. संस्कृत कोशांत ‘वारिपर्णी’ आणि ‘कुंभिका’ ही एकाच वनस्पतीची नावे आहेत, आणि अभ्यासक ती वनस्पती म्हणजे पिस्टिया समजतात : कोबीच्या छोट्या गड्ड्यासारखी, मखमली पानांची, पाण्यावर मोकळी तरंगणारी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दक्षिण अमेरिकेतली जांभळ्या फुलांची एक वनस्पती बागेची शोभा म्हणून बंगालात आली. पुढच्या चाळीसेक वर्षांत तिने तिथली खाचरे आणि जलमार्ग असे अडवले, की १९३६ साली तिच्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. ही नवी पाहुणी देशभर पसरताना जुन्या रहिवाशाची नावेच तिला चिकटली. हिंदीत ती जलकुंभी झाली, मराठीत जलपर्णी. कोल्हापूरकडे केंदाळ म्हणतात, ते निदान वेगळे नाव आहे. मग तिसरी आली, साल्व्हिनिया. तिला आपल्याकडे बोलीतले नावच नाही, म्हणून तीही जलपर्णीच.

आपल्या तळ्यात या तिन्ही आहेत. नाल्याच्या तोंडाशी जांभळ्या फुलांची जलपर्णी, पायऱ्यांजवळ थोडा पिस्टिया, आणि बाकी तळे झाकणारी बहुतेक सगळी हिरवी चटई साल्व्हिनियाची. ओळखायला भिंग पुरते. साल्व्हिनियाचे एक पान उचलून उजेडात धरावे. त्यावर बारीक केसांचे झुबके दिसतात. प्रत्येक झुबक्यातले चार केस खाली वेगळे होऊन वर टोकाशी पुन्हा जुळलेले असतात, आकाशकंदिलाच्या काड्यांच्या सांगाड्यासारखे. त्यात हवा अडकते, म्हणून पान भिजत नाही. पाण्याचा थेंब टाकला तर अळूच्या पानावरच्यासारखा गोल होऊन ओघळतो. खाली मुळे वाटतात ती मुळे नाहीत, बदललेले तिसरे पान आहे. ही नेचेवर्गीय वनस्पती आहे. तिला फूल नाही, बी नाही, आणि तिचे बीजाणूही वांझ असतात. ती वाढते ती फक्त तुकड्यांतून : एक पेर तुटले की त्याचे नवे झाड.

हा फरक केवळ अभ्यासकांचा नाही. जलपर्णी फुलते आणि बी धरते, आणि ते बी तळाच्या चिखलात पंधरा-वीस वर्षे जिवंत राहू शकते. म्हणजे तळे आटवून जलपर्णी वाळवली, तरी पहिल्या पावसात उघड्या चिखलातून तिची रोपे उठणार. ती हाताने उपटत राहावी लागतात, आणि दरवर्षी फुलण्याआधी. साल्व्हिनियाचे उलटे. एकदा तळे खरोखर कोरडे पडून तिची पेरे वाळली, की मागे काही उरत नाही. पण तीच साल्व्हिनिया यंत्राने कापली किंवा दाताळ्याने ओरबाडली, तर एका झाडाचे दहा तुकडे आणि दहा तुकड्यांची दहा झाडे. दार उघडण्याच्या वादात दोन्ही बाजू आपापल्या परीने खऱ्या होत्या. एक जण जलपर्णीबद्दल बोलत होता, दुसरा साल्व्हिनियाबद्दल, आणि इतिवृत्तात दोघांच्या तोंडी शब्द एकच लिहिला गेला.

चुकीच्या नावाचा फटका खाणारे आपण पहिले नाही. साल्व्हिनिया केरळात १९५०च्या दशकात दिसू लागली आणि कुट्टनाडचे कालवे, भातशेते तिने भरून टाकली. तिथले लोक तिला आफ्रिकन पायल म्हणतात. ती आफ्रिकेतली नाही. शास्त्रज्ञही तिला बराच काळ दक्षिण अमेरिकेतल्या दुसऱ्याच एका जातीच्या नावाने ओळखत होते, म्हणून तिचे नैसर्गिक शत्रू शोधायला त्या दुसऱ्या जातीच्या मुलखात गेले. तिथून आणलेले कीटक वेगवेगळ्या देशांत सोडले. केरळातही १९७०च्या दशकात एक नाकतोडा आणला होता. हाती फारसे लागले नाही. १९७२ साली ही जात वेगळी असल्याचे ठरले, तिला स्वतःचे नाव मिळाले, आणि १९७८ साली तिचे खरे माहेर सापडले : आग्नेय ब्राझील. तिथे तिच्यावर जगणारा दोनेक मिलिमीटरचा काळा सोंड्या भुंगेरा होता. १९८० साली तो ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या एका जलाशयात सोडला, आणि वर्ष-सव्वा वर्षात पाणी मोकळे झाले. गंमत म्हणजे हा भुंगेराही आधी आफ्रिकेत सोडून फसलेल्या जातीचाच समजला गेला होता. तो वेगळा आहे हे नोंदले गेले १९८५ साली.

भारतात हा भुंगेरा सोडला गेला १९८३-८४च्या सुमारास, तोही आधी बंगळूरच्या एका कमळतळ्यात. अकरा महिन्यांत तिथली साल्व्हिनिया कोसळली आणि तिच्याखाली गुदमरलेली कमळे परत वर आली. त्यानंतर तो केरळात नेला आणि तिथले कालवे मोकळे झाले. हे वाचताना मला दर वेळी आपले तळे आठवते, कारण आपल्याकडे नेमके उलटे घडले.

पाच वर्षांपूर्वी नेमलेल्या ठेकेदाराला दिलेल्या कामाच्या आदेशात लिहिले होते, ‘पाण्यावरील सर्व जलपर्णी काढणे.’ त्याच्या माणसांनी शब्दशः पाळले. पाण्यावर पाने दिसली ती सगळी जलपर्णी. दोन माणसे कमरेइतक्या पाण्यात, हातात कोयते, आणि पश्चिमेच्या कोपऱ्यातली साळके गड्ड्यासकट बाहेर. गुलाबी कळ्या काठावर ढिगात पडलेल्या मी पाहिल्या. आदल्या हंगामात त्याच पानांवरून कमळपक्षी लांब बोटे टाकत चालायचा. साळकांची मुळे तळात रुजलेली असतात, पाने पाणी झाकतात आणि तरंगत्या तणाला जागा कमी पडते. ती गेली आणि पावसाळा संपता संपता तो कोपराही साल्व्हिनियाने भरला. दोष मी त्या मजुरांना देत नाही. आदेश आपण लिहिला होता, आणि त्यावर माझीही सही होती.

काढलेला ढीगही काठावरच ठेवला होता. असल्या तणात पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास पाणीच असते, म्हणून ओले वाहून नेणे महाग पडते. पण बांधाच्या आतल्या उतारावरचा ढीग जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत परत तळ्यात उतरतो. बांधाच्या बाहेरच्या अंगाला टाकून वाळू द्यावा, मग माडांना घालावा. जुने लोक गाळाचे हेच करत.

किडा आणावा ही सूचना गेल्या वर्षी आली, आणि ‘जलपर्णी खाणारा किडा’ असेच मागणीपत्र गेले. जलपर्णीवर जगणारे भुंगेरे वेगळे. तेही दक्षिण अमेरिकेतले, १९८०च्या दशकातच भारतात आणलेले. ते साल्व्हिनियाला तोंड लावत नाहीत, आणि साल्व्हिनियाचा भुंगेरा जलपर्णीला. आपल्याला आलेच असते तर पहिलेच आले असते, आणि नाल्याच्या तोंडाशी दोनचार चट्टे पाडून राहिले असते.

गवत्या मासा सोडण्याचा प्रयोग झाला त्याचीही गत तीच. हा मासा १९५९ साली देशात आला, तलावांत सर्रास सोडला जातो, आणि पाण्याखालचे मऊ हायड्रिला आवडीने फस्त करतो. आपल्याकडेही त्याने तेच केले. देशी मासळीच्या पिल्लांना आडोसा देणारे पाण्याखालचे गवत गेले आणि वरची चटई तशीच राहिली.

फवारणीबद्दल थोडक्यात. टू-फोर-डी हे तणनाशक रुंद पानांच्या तणावर चालते, नेचेवर्गीय साल्व्हिनियावर त्याची मात्रा नीट लागू पडत नाही. ग्लायफोसेट या दुसऱ्या तणनाशकाचा वापर केंद्राने ऑक्टोबर २०२२मध्ये कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. शिवाय सगळे तण एकदम मेले की ते तळ्यातच कुजते, पाण्यातला प्राणवायू ओढून घेते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी मासे उताणे दिसतात. तळ्याजवळच्या विहिरी पिण्याच्या आहेत, हे वेगळे सांगायला नको.

कायद्याचा आधार मिळेल का, हे दरवेळी विचारले जाते. कुडचडेचे नंदा तळे २०२२ साली गोव्याचे पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे पाणथळ, झाले, त्यामुळे आशा वाढली. ते ४२ हेक्टरांचे, नदीला लागून असलेले पाणथळ. आपले तळे हातांनी खोदलेले, सिंचनासाठी बांधलेले, आणि २०१७च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येतून सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे वगळलेले आहेत. म्हणजे ज्या वायंगणामुळे तळे जन्मले, तेच कारण त्याला संरक्षणाबाहेर ठेवते. तेव्हा निर्णय आपल्यालाच घ्यायचा आहे.

या सभेत मी मांडलेली दुरुस्ती अशी : ठरावातला ‘जलपर्णी’ हा एक शब्द काढून तिथे तीन नावे लिहावीत आणि प्रत्येकीपुढे वेगळे काम. जलपर्णी फुलण्याआधी हाताने, मुळांसकट. पिस्टिया डास वाढायच्या आधी, कारण काही डासांच्या अळ्या त्याच्या मुळांना चिकटून श्वास घेतात. साल्व्हिनियासाठी दाराचे चिरे काढून उन्हाळ्यात तळे एकदा पूर्ण वाळवणे. पाणी उतरायच्या आधी बाजूच्या डबक्यात दोन खोल चर खणून पाण्याने भरून ठेवावेत, मासळीची पैदास तिथे टिकेल. खालच्या एका शेतकऱ्याने पाणी मिळाले तर वायंगण पुन्हा करून पाहतो असे सांगितले आहे. चौथे नाव साळकांचे, आणि त्यापुढे लिहिले आहे : ‘काढू नये.’