“लग्न झालंय का?” आणि तपासणी तिथेच संपते

“पुरुषाशी कधी संबंधच आला नाही, मग पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी, कशाला?” लेस्बियन स्त्रियांमध्ये हा समज चांगलाच मुरलाय. काही डॉक्टरही त्याला मान डोलावतात. समज चुकीचा आहे.

गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमी एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. त्याचे १६ आणि १८ हे दोन प्रकार सुमारे ७० टक्के रुग्णांमागे असतात. तो पसरतो त्वचेच्या संपर्कातून, वीर्याची गरजच नसते. जननेंद्रियांचा स्पर्श, बोटं, दोघींनी वापरलेली सेक्स टॉय, एवढं पुरतं. शिवाय अनेकींचा पूर्वी पुरुषाशी संबंध आलेला असतो, घरच्यांनी लावून दिलेलं लग्न धरून.

ट्रान्स पुरुषांचं, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी ठरवलेल्या पण स्वतः पुरुष असलेल्यांचं, आणखी अवघड. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक सुरू झालं, दाढी आली, तरी गर्भाशयमुख शाबूत असेल तर तपासणी लागतेच. पण स्त्रीरोग ओपीडीच्या बाकावर दाढीवाल्याने बसायचं कसं?

खरी गोची डॉक्टरांच्या पहिल्याच प्रश्नात आहे. “लग्न झालंय का?” म्हणजे शरीरसंबंध आलाय का, हे आपण सगळे जाणतो, सरळ विचारायला मात्र जीभ अडखळते. ‘नाही’ म्हटलं की विषय मिटला. तेव्हा लग्नाचं राहू द्या, “संबंध आलेत, तपासणी हवी” असं स्वतःच सांगा. जोडीदार कोण, हे सांगणं तुमच्या मर्जीवर. सरकारी कार्यक्रमात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी ३० ते ६५ वयात, दर ५ वर्षांनी होते. एचपीव्हीची लस घेतली असली तरी तपासणी चुकवू नका.