'लिसन ८०' : रिव्हर्स प्रॉक्सीच्या एका ओळीत काय काय ठरतं

नाशकात आता सगळ्यांच्याच साइट आहेत, त्र्यंबक रोडचा होमस्टे असो, निफाडचा द्राक्षवाला असो की अंबड एमआयडीसीतलं वर्कशॉप, आणि बहुतेक वेळा एकाच भाड्याच्या सर्व्हरवर वेबसाइट, बिलिंगचं सॉफ्टवेअर, वर कुठलातरी डॅशबोर्ड असं सगळं दाटीवाटीनं चाललेलं असतं. या सगळ्यांच्या पुढे उभी असते ती रिव्हर्स प्रॉक्सी. बाहेरून आलेलं कनेक्शन आधी ती घेते, कुठल्या डोमेनसाठी आलंय ते बघते आणि मागच्या बरोबर प्रोग्रामकडे रिक्वेस्ट पाठवते. एनजिनएक्स, एचएप्रॉक्सी, कॅडी, ट्रेफिक ही यातली नेहमीची नावं.

सेटअप करणारी पोरं सगळा वेळ मागच्या बाजूवर घालवतात, कुठली रिक्वेस्ट कुठे जाणार, सर्टिफिकेट लागलं का वगैरे. पुढची बाजू, म्हणजे कनेक्शन मुळात कुठे आणि कोणाकडून घ्यायचं, ती 'लिसन'ची सेटिंगमधली ओळ कुठूनतरी कॉपी-पेस्ट झालेली असते. माझ्या मते गडबडी तिथेच जास्त होतात.

आधी पत्ता. सर्व्हरला एकच पत्ता असतो असं नाही, एक पब्लिक आयपी (बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता) असतो, कधी एक आतल्या नेटवर्कचा असतो, आणि १२७.०.०.१ तर असतोच, ज्यावर फक्त त्याच मशीनवरचे प्रोग्राम एकमेकांशी बोलू शकतात. एनजिनएक्समध्ये नुसतं 'लिसन ८०' लिहिलं (८० हा पोर्टचा, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर) की त्याचा अर्थ ०.०.०.०, म्हणजे मशीनच्या सगळ्या आयपीव्ही४ (चार आकड्यांच्या जुन्या पद्धतीच्या) पत्त्यांवर. प्रॉक्सीसाठी हे ठीकच आहे, तिचं कामच ते. पण मागचं बिलिंग ॲप पण ०.०.०.० वर ३००० पोर्ट उघडून बसलं असेल तर मग प्रॉक्सी कशाला लावली? कोणीही सरळ आयपी आणि ३००० टाकून आत येतो, एचटीटीपीएस नाही, प्रॉक्सीवर लावलेला पासवर्ड नाही, काहीच नाही. डॉकरवाल्यांनी (कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात ॲप चालवणाऱ्यांनी) तर जास्तच जपावं, कारण पोर्ट पब्लिश करताना पत्ता दिला नाही तर तो सगळ्या पत्त्यांवर उघडतो, आणि डॉकर आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या फायरवॉलमध्ये) स्वतःचे नियम टाकतो त्यामुळे यूएफडब्ल्यूमध्ये (ती फायरवॉल सोपी करणाऱ्या साधनात) तुम्ही बंद केलेलं पोर्टही बाहेरून चालू दिसतं. १२७.०.०.१:३०००:३००० असं लिहिलं की प्रश्न मिटला.

आयपीव्ही६ चं, म्हणजे नव्या लांब पत्त्यांचं, वेगळंच. एनजिनएक्सला त्यासाठी दुसरी लिसन ओळ द्यावी लागते. ती नसेल आणि डोमेनला मात्र एएएए रेकॉर्ड (डोमेनचा आयपीव्ही६ पत्ता सांगणारी नोंद) असेल तर काय होतं, की मोबाइल नेटवर्कवरचा माणूस आयपीव्ही६ ने येतो, दार बंद मिळतं, ब्राउझर मग आयपीव्ही४ ने परत प्रयत्न करतो. ब्राउझरला हे जमतं, पण सगळ्या ॲप्सना जमतंच असं नाही. मग 'माझ्याकडे तर चालतंय' हा संवाद सुरू होतो.

आता खरी गंमत. आपल्याला वाटतं कनेक्शन प्रॉक्सी घेते. तसं नाही, आधी घेतो तो लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा. समोरून सिन (जोडणीची विनंती) येतं, कर्नल सिन-ॲक (होकार) पाठवतो, तिकडून ॲक (पोच) आलं की कनेक्शन पक्कं, आणि एवढं होईपर्यंत प्रॉक्सीला कल्पनाही नसते. पक्की झालेली कनेक्शनं एका रांगेत थांबतात आणि प्रॉक्सी 'ॲक्सेप्ट' करत करत ती उचलते. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचे ट्रॅक्टर आधी गेटमधून नोंद करून आवारात लागतात आणि लिलाववाले एकेकाकडे येतात, तसंच काहीसं.

या आवारात किती गाड्या मावतात ते ठरवतो बॅकलॉग. लिनक्सवर एनजिनएक्स ५११ मागतो, पण कर्नलची स्वतःची एक मर्यादा आहे, सोमॅक्सकॉन, आणि दोघांत जो आकडा लहान तो चालतो. लिनक्स ५.४ च्या आधी ही मर्यादा १२८ होती, नंतर ४०९६ झाली. रांग भरली तर लिनक्स सहसा एरर देत नाही, गप्प बसतो. समोरचा एका सेकंदानं परत विचारतो, मग दोन, मग चार, म्हणजे बघणाऱ्याला पान नुसतं फिरताना दिसतं आणि तो नेटला शिव्या घालतो. २०२७ च्या सिंहस्थात रूम बुकिंगच्या साइटवर एकदम झुंबड उडेल तेव्हा असलं दिसू शकतं. आणि हो, बॅकलॉग वाढवणं हे काही औषध नाही. तब्येत बरी असलेल्या प्रॉक्सीची ही रांग जवळजवळ रिकामीच असते. ती सतत भरत असेल तर प्रॉक्सीला उचलायला सवड नाहीये, लांब रांग म्हणजे फक्त लांब वाट बघणं.

उचलण्याचं काम एनजिनएक्स इतकं भराभर का करतो याला इतिहास आहे. १९९९ मध्ये डॅन केगलनं एका सर्व्हरवर १०,००० कनेक्शन कशी सांभाळायची हा प्रश्न मांडला, इगोर सिसोएव्हनं २००२ मध्ये एनजिनएक्सवर काम सुरू केलं आणि २००४ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला केला. दर कनेक्शनला वेगळी प्रोसेस नाही, मोजके वर्कर (एनजिनएक्सच्या काम करणाऱ्या प्रोसेस), आणि लिनक्सचा ईपोल त्यांना सांगतो कुठल्या कनेक्शनवर काहीतरी हाललंय. पण वर्करलाही एका वेळच्या कनेक्शनांची हद्द असते, मूळ आकडा ५१२, आणि त्यात मागच्या ॲपकडे उघडलेली कनेक्शनंही मोजली जातात, म्हणजे एका पाहुण्यामागे बऱ्याचदा दोन.

लिसन ओळीत 'रीयूजपोर्ट' टाकलं तर प्रत्येक वर्करला स्वतःची रांग मिळते. लिनक्स ३.९ पासून, म्हणजे २०१३ पासून ही सोय आहे, एनजिनएक्सनं ती २०१५ मध्ये घेतली. मोठ्या गर्दीत फायदा होतो, पण एखादा वर्कर डिस्कवर अडकला तर त्याच्या रांगेतले लोक शेजारचा वर्कर मोकळा असूनही ताटकळत राहतात. छोट्या साइटनं याच्या नादी लागू नये असं मला वाटतं.

त्यापेक्षा 'डिफॉल्ट सर्व्हर' लावा. डोमेनचं नाव न सांगता नुसत्या आयपीवर कोणी आलं तर एनजिनएक्स त्या पोर्टवरचा पहिला ब्लॉक (एका साइटच्या सेटिंगचा भाग) दाखवतो, आणि तो पहिला ब्लॉक तुमच्या बिलिंगचा असला तर दिवसभर आयपी चाळत फिरणाऱ्या बॉटना तोच दिसणार. एक रिकामा डिफॉल्ट ब्लॉक ठेवा, त्यात ४४४ (एनजिनएक्सचा खास कोड) परत करा, कनेक्शन उत्तर न देताच बंद होतं. ४४३ वर, म्हणजे एचटीटीपीएसच्या पोर्टवर, त्याच ब्लॉकमध्ये हँडशेकच (सुरक्षित जोडणीची सुरुवात) नाकारता येतो.

आणि घरच्या फायबरवर सर्व्हर ठेवणाऱ्यांसाठी : बऱ्याच घरगुती कनेक्शनला स्वतःचा पब्लिक आयपीव्ही४ नसतो, एकाच पत्त्यामागे कंपनी अनेक घरं बसवते. मग लिसन ओळ कितीही बरोबर लिहा, सिन तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. राउटरमधला वॅन आयपी (बाहेरच्या बाजूचा पत्ता) १०० पासून सुरू होत असेल आणि पुढचा आकडा ६४ ते १२७ मधला असेल तर हीच भानगड आहे, तेव्हा कंपनीकडे स्टॅटिक आयपी मागा नाहीतर बाहेरच्या एखाद्या स्वस्त सर्व्हरवरून घरापर्यंत टनेल (आतली थेट जोडणी) काढा.