देवीकवच सप्तशतीच्या पोथीत कसे आले

नवरात्रात घटस्थापनेनंतर अनेक घरांत सप्तशतीचा पाठ बसतो. पोथीत पहिल्या अध्यायाआधी कवच, अर्गला आणि कीलक ही स्तोत्रे असल्यामुळे ती मूळ ग्रंथातलीच असावीत, असा बहुतेकांचा समज असतो. वस्तुतः सप्तशती किंवा देवीमाहात्म्य म्हणजे मार्कंडेय पुराणातील 81 ते 93 हे 13 अध्याय, आणि त्यांत कवच नाही. मार्कंडेय आणि ब्रह्मदेव यांच्या संवादरूपाने आलेले हे कवच समाप्तिवाक्यात स्वतःला वराहपुराणातील म्हणवते. शिवाय त्याच्या फलश्रुतीत ‘जपेत्सप्तशतीं चण्डीं कृत्वा तु कवचं पुरा’, म्हणजे आधी कवच म्हणून मग सप्तशती जपावी, अशी आज्ञा आहे. तेव्हा निदान हा भाग तरी, देवीमाहात्म्य 700 मंत्रांचा पाठग्रंथ म्हणून रूढ झाल्यानंतरचाच मानावा लागतो.

कवच हा स्तोत्रप्रकार मात्र बराच जुना आहे. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलात (6.75) ‘मर्माणि ते वर्मणा छादयामि’ असे म्हणत योद्ध्याच्या अंगावर चढवले जाणारे चिलखत खरेखुरे आहे, पुढे मंत्रालाच चिलखताचे काम दिले गेले. भागवताच्या सहाव्या स्कंधात विश्वरूप इंद्राला नारायणकवच शिकवतो, तर तांत्रिक पूजेतील षडंगन्यासात, म्हणजे सहा अंगांवर मंत्र स्थापण्याच्या विधीत, ‘कवचाय हुम्’ म्हणताना दोन्ही हात छातीवर एकमेकांना छेदून विरुद्ध खांद्यांना लावतात. महाराष्ट्रात तिन्हीसांजेला म्हटली जाणारी रामरक्षा याच कुळातली असून ‘रामकवच’ हा शब्द तिच्यातच आहे.

देवीकवचाची मांडणी रामरक्षेहून पुष्कळ बारकाईची आहे. आधी ऐंद्रीपासून दिशांचे रक्षण, मग पुढे जया, मागे विजया, डावीकडे अजिता, उजवीकडे अपराजिता, आणि त्यानंतर शेंडीपासून तळपायापर्यंत एकेका अवयवाला एकेक देवी नेमलेली आहे. रचनाकार तेवढ्यावर थांबत नाही. रक्त, मज्जा, मांस आणि अस्थी पार्वतीकडे, आतडी कालरात्रीकडे, पित्त मुकुटेश्वरीकडे, अशी वैद्याला शोभावी अशी वाटणी करून तो गोत्र, पशू, पुत्र, भार्या आणि प्रवासाची वाट यांच्याकडे वळतो. एवढे करूनही काही सुटले असेल, या शंकेने ‘रक्षाहीनं तु यत्स्थानं वर्जितं कवचेन तु’ हा श्लोक येतो आणि उरलेले सारे जयंती देवीवर सोपवले जाते.

नवदुर्गांची आज सर्वतोमुखी असलेली नावेही या कवचातलीच आहेत. ‘प्रथमं शैलपुत्री च’ येथून सुरू होणारी ही यादी सप्तशतीच्या 13 अध्यायांत कोठेही नाही, आणि नवरात्रातील रोजच्या रंगांचा तर दोहोंशीही संबंध नाही.

पाठाच्या क्रमाविषयी मात्र ग्रंथांत एकमत नाही. चिदंबरसंहिता अर्गला आणि कीलक आधी म्हणून कवच शेवटी ठेवते. योगरत्नावली कवचाला बीज, अर्गलेला शक्ती आणि तिसऱ्या स्तोत्राला कीलक मानून कवचाला पहिले स्थान देते. कोणत्याही मंत्राच्या बीज (मूळ), शक्ती (सामर्थ्य) आणि कीलक (खीळ) या अंगांचा हाच क्रम असतो, हा त्यामागील युक्तिवाद आहे. छापील पोथ्यांनी सामान्यतः हा दुसरा क्रम स्वीकारला. ज्या घराण्यांत गुरुपरंपरेने वेगळा क्रम मिळाला आहे, तेथे तोच पाळला जातो.